सत्तेचाळीस नंबरची कोरी ओळ

"नांग दिता, तू दुकान बंद करून घरी गेलास की आपली साइट कुठे झोपते?"

केतुत रुबागने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. डोक्याला लोकरी टोपी, कमरेला सारोंग, हातात संत्र्यांची पिशवी आणि वय त्रेसष्ट.

"झोपत नाही, ब्ली. ती जकार्तातल्या एका मोठ्या कंप्युटरमध्ये असते. तो कधी बंद होत नाही."

"कधीच नाही?" त्याने जरा विचार केला. "म्हणजे तो सांभाळणाऱ्याला बायकोमुलं नसणार."

मी बाजाररस्त्यावर पाच कंप्युटरचं इंटरनेटचं दुकान चालवतो. देनपासारला दोन वर्षं शिकून आलो म्हणून गावाला वाटतं की मला सगळं येतं, आणि मीही कधी नाही म्हणालो नाही. पण माझा स्वभाव तापट आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली तर माझ्या कानशिलाची शीर उडायला लागते. केतुत रुबागने ती तीन महिने सलग उडवली. एका धड्याला एक पिशवी संत्री हा आमचा करार. शेवटी शेवटी माझी मुलगी दिता संत्रं दिसलं तरी तोंड फिरवायची.

हा माणूस या वयात वेबसाइट बनवायला का निघाला, ते सांगायला हवं.

आमच्या बालीतल्या बातुसेकार गावात माणसाला पहिलं मूल झालं की त्याचं स्वतःचं नाव संपतं. दिता झाली त्या दिवसापासून मी नांग दिता, म्हणजे दिताचा बाप, आणि बायको मेन दिता. उद्या दिताला मूल झालं की मी त्या मुलाचा पेकाक होणार, म्हणजे आजोबा, आणि आत्ताचं नावही जाणार. माझं मूळ नाव काय होतं हे आता माझ्या सासूलाही सांगता यायचं नाही. केतुत आणि त्याची बायको न्योमान कर्ती यांना मूल झालं नाही. त्यामुळे तो आईबापांनी ठेवलेला केतुत रुबागच राहिला. सगळं गाव त्याला ब्ली केतुत म्हणायचं. ब्ली म्हणजे दादा. त्याच्या बरोबरीचे लोक ब्ली म्हणायचे, त्यांची मुलं ब्ली म्हणायची आणि मुलांची मुलंही ब्लीच म्हणायची. तीन पिढ्यांचा एकच दादा.

हाच केतुत एकतीस वर्षं गावचा लेखनिक होता. दर पौर्णिमेच्या सभेत एकशे बारा घरांची हजेरी घ्यायची, देवळाच्या कामाच्या पाळ्या लावायच्या आणि कुणाचं नाव बदललं की वहीत बदलायचं, हे त्याचं काम. यातलं शेवटचं सगळ्यात जिकिरीचं होतं. तो जुन्या नावावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर नवं नाव लिहायचा. एकेका माणसावर तीन-तीन चिठ्ठ्या चढलेल्या. वही फुगून अशी झाली होती की मिटायला वर दगड ठेवावा लागायचा. अख्ख्या वहीत सत्तेचाळिसावी ओळ तेवढी कोरी होती. कोरी म्हणजे तिच्यावर एकही चिठ्ठी नव्हती. ती त्याची स्वतःची.

हजेरी घेताना हा स्वतःचं नाव पुकारायचा आणि मान वर न करता त्याच दमात स्वतःच "हजर" म्हणून पुढच्या नावावर जायचा. नवखे लोक हसायचे. आम्हाला सवय होती.

मग एका पौर्णिमेला एक चिठ्ठी गळून पडली. खालचं जुनं नाव उघडं पडलं आणि केतुतने पुकारलं, "नांग रेंतेग!"

नांग रेंतेग समोरच मांडी घालून बसला होता. वर्षभरापूर्वी त्याला नातू झाला होता, तेव्हापासून तो पेकाक सुजा. त्याने तोंड उघडलं नाही.

"नांग रेंतेग?"

"तो इथे नाही," पेकाक सुजा म्हणाला.

"अरे, तू माझ्यासमोर बसलायस!"

"मी बसलोय. तो नाही."

यावरून पाऊण तास भांडण झालं. अखेर गावप्रमुख उठला. याचं नाव नांग तागेल. देह मोठा, आवाज त्याहून मोठा. "पुरे झाली ही वही," तो म्हणाला. "यादी कंप्युटरवर घ्या. माझा भाचा कोमांग बांगलीला बँकेत आहे, तो करेल. लेखनिकाचं कामही त्यालाच देऊ."

केतुत वहीवर हात ठेवून म्हणाला, "कंप्युटरवर मी करतो."

मंडपात हशा पिकला. प्रमुखही हसला. "बरं, तिसऱ्या पौर्णिमेला हजेरी तुझ्या कंप्युटरवरून. एक नाव जरी चुकलं तरी काम कोमांगकडे. चालेल?"

"चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिली संत्री घेऊन माझ्या दारात उभा. लेखनिकाचं काम गेलं तर त्याच्याकडे काय उरणार होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शीर दाबून धरली आणि हो म्हणालो.

प्रश्न संपायचे नाहीत. साइट दोघांनी एकदम उघडली तर प्रत्येकाला अर्धी-अर्धी दिसते का? देनपासारमध्ये कुणी रोज बघत बसला तर ती झिजते का? पान एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असं का, एकत्र का नाही राहत? यावर मी सांगितलं, "ब्ली, पान म्हणजे वाढपी. माणसं ठेवायची ती जागा म्हणजे कोठार, त्याला डेटाबेस म्हणतात. कुणी मागितलं की वाढपी कोठारात जातो, काढून आणतो, पानात वाढतो."

"आणि कोठार जळलं तर?"

"जळत नाही हो."

"भाताचं कोठार बांधलं तेव्हा माझा बापही हेच म्हणाला होता."

त्याने इतका पिच्छा पुरवला की वैतागून मी रोज दुकान बंद करताना त्याच्या यादीची एक नक्कल काढून ठेवायला लागलो. माझ्या बाकी गिऱ्हाइकांपैकी एकाच्याही कामाची नक्कल मी ठेवत नव्हतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, लाज म्हणून सांगतोय.

मी त्याला बटणं असलेलं तयार पान देणार होतो. बटण दाबलं की नाव बदललं. तो ऐकेना. "बटणामागे कोण आहे ते मला दिसत नाही," म्हणाला. "मी हुकूम स्वतःच्या हाताने लिहिणार." मग दोन बोटांनी एकेक अक्षर टिपत तो शिकला. एक दिवस अर्धविराम राहिला म्हणून पान उघडेना, तर म्हणाला, "एका टिंबासाठी एकशे बारा घरं अडवून धरतो? आमचा प्रमुखसुद्धा इतका हट्टी नाही."

माझी शीर जास्तच उडते असं बघून मी त्याला शिकाऊ लोकांच्या एका चर्चेच्या साइटवर बसवून दिलं. म्हटलं, जगाला विचार, मला सोड. त्याने पहिला प्रश्न टाकला तो असा: "ओम स्वस्त्यास्तु. आदरणीय बंधूंनो, इकडे डोंगरावर धुकं दाट आहे, संत्री यंदा बरी आहेत. आपल्याकडे सर्व कुशल असावं. पत्रास कारण की..." पुढे दीड पान. खाली सही, हुद्दा आणि गावाचं नाव.

कुणीतरी उत्तर दिलं, "प्रश्न काय आहे?"

दुसरा म्हणाला, "आधी शोधा, मग विचारा."

केतुतने त्याला लिहिलं, "आपण रागावलात असं दिसतं. प्रवासात आहात का? आपल्याला मुलं किती?"

उत्तर आलं, "सुराबायात, घरीच. मुलं दोन. तुमच्या सातव्या ओळीत कंस उघडाच राहिलाय."

तेव्हापासून तो माणूस याचा जिवलग. नाव शेवटपर्यंत कळलं नाही. केतुत त्याला "सुराबायाचा दोन मुलांवाला" म्हणायचा आणि त्याच्या दोन्ही मुलांच्या परीक्षांची चौकशी करायचा.

एक प्रश्न मात्र वेगळा निघाला. मी त्याला सांगत होतो की कोठारात प्रत्येक घराला एक क्रमांक द्यावा लागतो.

"कशाला? नाव आहे की."

"नाव बदलतं. परवाचा नांग रेंतेग आज पेकाक सुजा. हा तोच, हे कंप्युटरला कसं कळायचं?"

"मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो! त्याला नाही कळत. त्याला असं काहीतरी लागतं की जे जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाही. नावं दोघांची एकच असली तरी चालतात, क्रमांक वेगळा हवा."

तो संत्रं सोलत होता. सोलता सोलता सहज म्हणाला, "मग माझ्या घराला क्रमांक कशाला? माझं नाव चालेल की."

मी उगाच कंप्युटरच्या मागची वायर काढून परत लावली. वाईट वाटलं, फार वाटलं. तो मात्र फोड तोंडात टाकून पुढच्या प्रश्नावर गेला होता.

क्रमांकांवरून प्रमुखही दुकानात येऊन गेला. त्याला एक नंबर पाहिजे होता.

"अहो, त्या क्रमांकाला काही अर्थ नसतो," मी म्हणालो.

"अर्थ नाही ना? मग मला द्यायला काय हरकत आहे?"

दिला. केतुतने वहीतली स्वतःचीच ओळ धरली, सत्तेचाळीस.

आता नाव बदलायचा हुकूम. तो मी त्याला वहीच्या भाषेत समजावला. वहीत लिहिताना त्याची एकतीस वर्षांची पद्धत ठरलेली: डाव्या हाताची तर्जनी त्या माणसाच्या ओळीवर टेकवायची, ती हलू द्यायची नाही आणि उजव्या हाताने लिहायचं. वहीच्या कडेला त्या बोटाचा काळा पट्टा उमटला होता. मी म्हटलं, "हुकुमात आधी सांगायचं काय बदलायचं आणि नवं नाव काय. आणि शेवटी 'व्हेअर' लिहून क्रमांक घालायचा. म्हणजे कुणाचं बदलायचं ते. ते विसरलात तर तो सगळ्यांचंच बदलून मोकळा होईल."

"सगळ्यांचं? विचारणार नाही?"

"नाही विचारणार."

"मूर्खच आहे मग," केतुत म्हणाला. पण त्याने ते वहीत लाल शाईने लिहून घेतलं, आणि महिनाभरात पाच घरांची नावं बदलली ती एकही न चुकता.

तिसरी पौर्णिमा आली. नेमकं आदल्या दिवशी प्रमुखाच्या घरी बारसं होतं. त्याचा मुलगा वायान तागेल याला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली होती. सहा वर्षं प्रमुख दर सणाला सुनेकडे असा बघायचा की बिचारी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. आता मुलीचं नाव सारी ठेवलं. तागेल झाला नांग सारी, आणि प्रमुख झाला पेकाक सारी. डुकराचं मांस, मांस-खोबऱ्याचं लावार, गावजेवण सगळं झालं. प्रमुख प्रत्येक पंगतीत फिरून विचारत होता, "मला कुणी हाक मारली का?" कुणी मारली नसली तरी मारायचे.

सभेच्या सकाळी केतुत घाईघाईने दुकानात आला. दोन नावं बदलायची होती, बाप आणि आजोबा. माझ्या दुकानात तेव्हा चार शाळकरी पोरं गेम खेळत आरडाओरडा करत होती आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो, म्हणून माझं लक्ष नव्हतं. केतुतने पहिला हुकूम दिला: तागेल. नीट झाला. मग पडद्यावर एक नंबरची ओळ काढली, डाव्या हाताची तर्जनी काचेवर टेकवली, उजव्या हाताने हुकूम लिहिला आणि दाबला. बोट ओळीवर होतं. एकतीस वर्षांच्या सवयीने त्याच्या मनाने ठरवलं की कुणाचं बदलायचं ते सांगून झालं. 'व्हेअर' त्याने लिहिलंच नाही.

"झालं," तो म्हणाला. मंडपात लाकडी घंटेचे ठोके सुरू झाले होते. आम्ही पळालो.

मंडपात मी लॅपटॉप मांडला. इंटरनेटचा डोंगल धुक्यात सिग्नल धरेना, म्हणून तो बांबूच्या टोकाला बांधून वर केला. बांबू पेकाक सुजाने धरला. कोमांग बँकेचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. केतुतने चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"पेकाक सारी!"

"हजर!" प्रमुखाने असा आवाज दिला की मंडपाखालच्या कोंबड्या उडाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पेकाक सारी!"

"अरे, हजर म्हटलं ना," प्रमुख खूश होऊन म्हणाला. "कौतुक पुरे, पुढे वाच."

केतुतने पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढला, परत घातला. "पेकाक... सारी."

"हजर!" मागून कुणीतरी बारीक आवाजात ओरडलं. पाहिलं तर गेल्याच महिन्यात लग्न झालेला बावीस वर्षांचा पोरगा. त्याच्या शेजारचा म्हणाला, "मीपण हजर! माझी नात कुठेय?" मग काय, सगळीकडून सुरू झालं. बांबू धरूनच पेकाक सुजा ओरडला, "आता मी सुजाचा की सारीचा, ते एकदा ठरवा!"

मी पडदा खाली सरकवला. एक ते एकशे बारा, पेकाक सारी. त्या पोरीला खुद्द तिच्या बापासकट एकशे बारा आजोबा झाले होते. मला हसू आवरेना, आणि ठरलेली अटही आठवली.

प्रमुख उभा राहिला. चेहरा लालबुंद. "सहा वर्षं!" तो गरजला. "सहा वर्षं मी या नावाची वाट बघितली. एक दिवस, फक्त एक दिवस माझ्याकडे होतं, आणि तू ते गावभर वाटून टाकलंस? एक नाव चुकलं तर, असं ठरलं होतं. किती चुकली?"

"एकशे अकरा," केतुत म्हणाला. इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. "तुमचं तेवढं बरोबर आहे."

कुणी हसलं नाही. त्याने खिशातलं लेखनिकाचं लाल शाईचं पेन काढलं, दोन्ही हातांत धरून उठला आणि कोमांगच्या दिशेने निघाला.

"थांबा!" मी ओरडलो. शीर उडाली होती, पण यावेळी त्याच्यावर नाही. "नक्कल आहे. काल संध्याकाळची. याच माणसाने तीन महिने 'कोठार जळलं तर' म्हणून माझं डोकं खाल्लं, म्हणून आहे. नाहीतर तुमचा बँकेतला कोमांगसुद्धा आता काही करू शकला नसता. विचारा त्याला, तो नक्कल ठेवतो का?"

कोमांगने शर्टाची कॉलर सारखी केली आणि दुसरीकडे पाहिलं.

मी नक्कल परत चढवली. दहा मिनिटं लागली, कारण पेकाक सुजाचा हात दुखला की बांबू खाली यायचा. मग बाप आणि आजोबा ही दोन नावं केतुतकडूनच परत बदलून घेतली. मी त्याचा डावा हात धरून ठेवला होता. मग एकेक ओळ मोठ्याने वाचली. ज्याचं त्याचं नाव ज्याला त्याला परत मिळालं, लोक माना डोलावत राहिले. सेहेचाळीस झाली.

"सत्तेचाळीस, केतुत रुबाग," मी वाचलं.

"ते चुकीचं आहे," कुणीतरी म्हणालं.

तागेल उभा होता. सारीचा बाप. हा माणूस सभेत कधी तोंड उघडत नाही, बापाने तशी संधीच ठेवली नाही. "आई आजारी होती ती चार वर्षं मी जेवलो कुणाकडे?" तो म्हणाला. "ब्लीच्या घरी, न्योमान कर्तीकडे. मला अक्षरं कुणी शिकवली? बाकी एकशे दहा चुकली होती. सत्तेचाळीस चुकलं नव्हतं. ते आत्ता तुम्ही चुकवलंत."

सगळे प्रमुखाकडे बघत होते. त्याने मिशीवरून हात फिरवला, छपराकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग केतुतकडे. केतुत पेन धरून अजून वाटेतच उभा होता. मला आपलं वाटत होतं की हा आता परत गरजणार.

"नाव दोघांना एकच चालतं का रे?" त्याने मला विचारलं.

"चालतं. क्रमांक वेगळा असला की चालतं."

"माझा एकच राहणार ना?"

"एकच."

"मग लिहा," प्रमुख म्हणाला. "पण माझ्या खाली. सेहेचाळीस ओळी खाली, हे लक्षात असू द्या." आणि बसता बसता कोमांगला म्हणाला, "तू काय बघतोस? चुका सगळ्यांच्याच होतात."

केतुत लॅपटॉपसमोर बसला. एकेका अक्षराला दोन-दोन बटणं दाबली जात होती. मला वाटलं आपण लिहून द्यावं. मी हात मागे घेतला. त्याने नवं नाव लिहिलं, 'व्हेअर' लिहिलं, क्रमांक लिहिला आणि थांबला.

"नांग दिता."

"बोला."

"नाव बदललं तरी आत माणूस तोच राहतो ना?"

"तोच. क्रमांक तोच आहे की."

त्याने अर्धविराम दिला आणि हुकूम दाबला.

हजेरी पहिल्यापासून सुरू झाली. प्रमुखाचा "हजर" परत मंडप हलवून गेला. नांग, पेकाक, नांग, नांग. केतुत नेहमीसारखा मान खाली घालून भराभर पुकारत होता, आवाज आता स्थिर झाला होता. सेहेचाळीस गेली.

"पेकाक सारी!" त्याने पुकारलं.

कुणी बोललं नाही. तो थांबला.

"पेकाक सारी?"

उत्तर नाही. त्याने चष्म्यावरून रांगांकडे नजर फिरवली, उसासा टाकला आणि गैरहजेरीची खूण करायला बोट उचललं.

"अरे!" प्रमुख पलीकडून खेकसला. "तो तूच आहेस!"

केतुतचं बोट तसंच वर राहिलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. चष्मा काढून टोपीला पुसला. ती टोपी चष्मा पुसायच्या लायकीची नव्हती.

"हजर," तो म्हणाला.